वहीची साक्ष : छोट्या व्यापाऱ्याच्या उत्तरदायित्वाचा आणि संरक्षणाचा इतिहास

१८७५ सालच्या मे महिन्याची १२ तारीख. पुणे जिल्ह्यातील सुपे गावी आठवड्याचा बाजार भरला होता. आसपासच्या खेड्यांतून आलेली कुणबी मंडळी एकत्र झाली आणि त्यांनी गावातील गुजर सावकारांच्या दुकानांवर व घरांवर हल्ला केला. पुढील काही दिवसांत हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. साडेनऊशेच्या आसपास माणसे पकडली गेली आणि त्यांपैकी पाचशेच्या आसपास लोकांना शिक्षा झाल्या. इतिहासात ही घटना ‘दख्खनचे दंगे’ या नावाने नोंदली गेली आहे. या दंग्यांचा रोख मुख्यतः मारवाडी व गुजराती सावकारांवर होता आणि त्या सावकारांत जैन कुटुंबांची संख्या लहान नव्हती. म्हणूनच जैन व्यापारी समाजाच्या इतिहासाचा विचार करताना या प्रकरणाकडे पाठ फिरवणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही.

या दंग्यांतील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. सुपे येथे लूट व जाळपोळ झाली हे खरे. पण बहुतेक ठिकाणी जमावाला धान्य, कापड किंवा सोनेनाणे यांपेक्षा कागद हवे होते. कर्जरोखे, खतावण्या, दिवाणी न्यायालयांचे हुकूमनामे हस्तगत करावयाचे आणि त्यांची होळी करावयाची, हा त्यांचा हेतू होता. सावकाराने मुकाट्याने कागद हवाली केले तेथे बहुधा त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. माणसांवरील अत्याचार अशा उद्रेकाच्या मानाने कमीच झाले, हे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगानेही नमूद केले आहे.

वही ही व्यापाऱ्याची अब्रू, असे आपण मानतो. दिवाळीला तिचे पूजन करतो, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढतो, ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहितो. तीच वही समोरच्या माणसाला शत्रू का वाटावी? आयोगासमोर आलेल्या साक्षींतून त्याचे उत्तर मिळते. ऋणकोला हिशोब दिसत नसे. भरलेल्या रकमेची पावती मिळत नसे. निरक्षर कुणबी रोख्यावर नांगराची निशाणी करी, पण त्या कागदात काय लिहिले आहे हे त्याला ठाऊक नसे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. ऋणकोला दिलासा मिळावा हा त्यामागील हेतू. परंतु घडले उलटेच. मुदत संपण्यापूर्वी सावकार नवा रोखा लिहवून घेऊ लागला आणि थकलेले व्याज मुद्दल होऊन बसू लागले. न्यायालयात समन्स निघे, कुळ हजर राहत नसे आणि निकाल एकतर्फी लागे. सगळेच सावकार लबाड होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वाढलेला शेतसारा आणि अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कोसळलेले कापसाचे भाव हीदेखील या असंतोषाची मोठी कारणे होती. तथापि ज्या सावकाराचा हिशोब खरा होता त्याची वहीही त्या होळीत गेली, कारण ती खरी आहे हे समोरच्याला कळण्याचा मार्गच त्याने ठेवला नव्हता. प्रामाणिक असणे आणि आपला प्रामाणिकपणा समोरच्याला पडताळून पाहता येणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पुष्कळ सज्जन व्यापाऱ्यांची गल्लत आजही येथेच होते.

१८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी साहाय्यकारी कायदा झाला. शेतकरी ऋणकोला भरलेल्या पैशाची लेखी पावती मागण्याचा, वर्षाकाठी खात्याचा उतारा मिळण्याचा आणि पासबुकात नोंद करून घेण्याचा हक्क या कायद्याने दिला. पुढे १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यात आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यात हेच सूत्र अधिक कडक झाले. आज परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे. ओळखीच्या माणसाला वारंवार व्याजाने पैसे देणाऱ्या दुकानदाराने ही गोष्ट नीट ध्यानी घ्यावयास हवी. ‘आम्ही सावकार नव्हे, केवळ नड भागवली’ हा बचाव अशा वेळी टिकणे कठीण असते.

शास्त्राची दृष्टी

हे उत्तरदायित्व इंग्रजी कायद्याने आपल्याला प्रथम शिकविले, असे मात्र नव्हे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत. त्यांतील सत्य आणि अचौर्य या दोन व्रतांचे अतिचार वाचताना एखाद्या बाजारपेठेची आचारसंहिता वाचत असल्याचा भास होतो. ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटा दस्तऐवज करणे. ‘न्यासापहार’ म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव दडपणे किंवा ठेवणाऱ्याच्या विसराळूपणाचा फायदा घेऊन कमी परत करणे. ‘हीनाधिकमानोन्मान’ म्हणजे देण्याचे माप एक आणि घेण्याचे माप दुसरे. ‘प्रतिरूपकव्यवहार’ म्हणजे भेसळ किंवा नकली मालाचा व्यवहार. ‘तदाहृतादान’ म्हणजे दुसऱ्याने चोरून आणलेला माल घेणे. आणि ‘विरुद्धराज्यातिक्रम’ म्हणजे राज्याच्या नियमांचे उल्लंघन करून व्यापार करणे. करचुकवेगिरी व तस्करी हे त्याचे आजचे रूप होय.

हे सर्व दोष ‘अतिचार’ या सदरात येतात, याचे मर्म मोठे आहे. अतिचार म्हणजे व्रताचा पूर्ण भंग नव्हे. व्रत पाळणाऱ्याच्या हातूनच घडणारी चूक. शास्त्रकारांच्या डोळ्यांसमोर चोर नव्हता. दुकानात बसलेला, सकाळी देवदर्शन करून आलेला श्रावकच त्यांच्या समोर होता.

गणितातही तीच परंपरा दिसते. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळात, इसवी सनाच्या नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्याच्या मिश्रक व्यवहाराच्या अध्यायात मुद्दल, व्याज, मुदत आणि भागीदारांच्या भांडवलाच्या प्रमाणात नफ्याची वाटणी यांची उदाहरणे आहेत. एक दिगंबर आचार्य व्याजाचे आणि भागीदारीचे गणित शिकवितो, याचे आजच्या वाचकाला आश्चर्य वाटेल. पण हिशोब न येणे हेही अन्यायाचे कारण होऊ शकते, हे त्या काळी समाजाला उमगले असावे. या ग्रंथाची हिंदी आवृत्ती १९६३ साली सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने प्रसिद्ध केली. पुढे चौदाव्या शतकात दिल्लीच्या टांकसाळीशी संबंधित असलेल्या ठक्कर फेरू या श्रावकाने ‘द्रव्यपरीक्षा’ हा नाण्यांच्या कसाविषयीचा ग्रंथ लिहिला. कोणत्या नाण्यात किती चांदी हे ज्याला कळत नाही तो व्यापारी नाडला जाणार, हे उघड आहे.

एका व्यापाऱ्याचे आत्मकथन

जौनपूर येथे १५८६ साली जन्मलेले कविवर बनारसीदास यांचे ‘अर्धकथानक’ १६४१ साली पूर्ण झाले. भारतीय भाषांतील अगदी आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. अध्यात्माचे अभ्यासक म्हणून आपण बनारसीदासांना ओळखतो. परंतु या ग्रंथात त्यांनी आपले व्यापारातील अपयश ज्या मोकळेपणाने सांगितले आहे, त्याला तोड नाही.

वडिलांनी तरुण मुलाला माल देऊन आग्र्याला पाठविले. काही जवाहीर, वीस मण तूप, तेलाचे दोन बुधले आणि जौनपुरी कापड असा तो माल होता. बाजाराची माहिती नव्हती. कापड तोट्यात विकले गेले. जवाहिराची तर दैनाच झाली : काही खडे वाटेत कोठे पडले ते कळले नाही, काही वस्त्राला बांधून ठेवले होते ते उंदराने पळविले आणि काही ज्याला उधारीने विकले त्याचे दिवाळे निघाले. अखेर खाण्याचीही भ्रांत पडली. त्या दिवसांत एका कचोरीवाल्याकडे ते उधारीवर जेवत. आपल्याजवळ पैसे नाहीत, हे त्यांनी स्वतःच त्याला सांगितले. कचोरीवाल्याने वीस रुपयांपर्यंत उधारी चालेल असे सांगून त्यांना धीर दिला. सहासात महिन्यांनी हिशोब झाला तो चौदा रुपयांचा, आणि तो त्यांनी चुकता केला.

या छोट्या प्रसंगात उधारीचे सारे शास्त्र आहे. कचोरीवाल्याने दया केली, पण मर्यादा आधी ठरविली. ऋणकोनेही परिस्थिती लपविली नाही. आजचे किराणा दुकानदार किंवा कापड दुकानदार उधारीने बुडतात ते बहुधा दयेमुळे नव्हे. मर्यादा न ठरविल्यामुळे. आणि जवाहीर ज्याला उधार दिले त्या गिऱ्हाइकाची चौकशी बनारसीदासांनी केली नव्हती, हेही विसरता येत नाही.

पुढे भागीदारीच्या हिशोबासाठी एका बड्या आसामीच्या हवेलीत खेपा घालण्याची पाळी त्यांच्यावर आली. तेथे गाणेबजावणे चाले, लोकांची वर्दळ असे, पण हिशोबाला सवड मिळत नसे. दिवसांमागून दिवस गेले आणि अखेर एका वजनदार मध्यस्थाच्या शब्दाने कागद निकाली निघाला. मोठ्या गिऱ्हाइकाकडे बिल अडकलेल्या कोणत्याही लघुउद्योजकाला चारशे वर्षांपूर्वीचे हे वर्णन परके वाटणार नाही. त्याचा कायदेशीर उपाय निघण्यास मात्र बराच काळ जावा लागला.

हुंडीतील शहाणपण

वाटेवर चोरांचे भय, नाण्यांच्या अनेक जाती, निरनिराळी राज्ये. अशा परिस्थितीत व्यापाऱ्याचे संरक्षण हुंडीने केले. दर्शनी हुंडी दाखविताच पैसे द्यावयाचे, मुदती हुंडी ठरल्या दिवशी. शाहजोग हुंडीची रक्कम पेठेतील प्रतिष्ठित शहालाच मिळे. त्यामुळे हुंडी चोरीला गेली तरी चोराला ती वटविता येत नसे, आणि चुकीच्या माणसाला रक्कम गेली तर ती घेणारा शहा उत्तरदायी राही. हुंडी हरवली तर ‘पेठ’ म्हणजे तिची दुसरी प्रत, तीही हरवली तर ‘परपेठ’. हुंडी नाकारली जाईल अशी शंका असल्यास त्याच गावच्या दुसऱ्या पेढीच्या नावे ‘जिकरी चिठ्ठी’ देत, म्हणजे ती पेढी पैसे चुकते करून हुंडीची पत राखी. चुकती झालेली हुंडी ‘खोका’ म्हणून जपून ठेवली जाई. तोच पैसे दिल्याचा पुरावा.

या सर्वांत ‘जोखमी हुंडी’ फार कल्पक होती. माल सुखरूप पोहोचला तरच तिची रक्कम देय होई. माल बुडाला तर हुंडीही बुडाली. म्हणजे कर्ज आणि विमा या दोन्ही गोष्टी एकाच कागदात सामावल्या होत्या. विलायती विमा कंपन्यांची पाटी आपल्या पेठांत लागण्यापूर्वी पश्चिम किनाऱ्यावरचे व्यापारी जोखमीची किंमत काढण्यात तरबेज झालेले होते. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवजांच्या कायद्यानेही देशी भाषांतील हुंड्यांसंबंधीच्या स्थानिक रूढींना धक्का लावला नाही, यावरून या व्यवस्थेची प्रतिष्ठा ध्यानी येते.

हुंडीची जागा आज धनादेशाने आणि मोबाइलवरील देयकाने घेतली आहे. परंतु पेठ, जिकरी आणि खोका यांच्यामागील दक्षता मात्र पुष्कळ ठिकाणी मागे राहिली. दुकानाच्या दर्शनी भागावर लावलेल्या क्यूआर कोडच्या कागदावर कोणी रात्रीतून दुसराच कागद चिकटवावा आणि दिवसभराचे पैसे भलत्याच खात्यात जावे, अशा घटना घडल्या आहेत. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरील हिरवी खूण म्हणजे आपल्या खात्यातील जमा नव्हे. आणि पैसे घेण्यासाठी स्वतःचा गुप्त क्रमांक कधीही द्यावा लागत नाही.

पत आणि तिचा पूर

मोठ्या माणसाच्या उदाहरणाने छोट्याने शिकावे असा एक अध्याय मुंबईत घडला. प्रेमचंद रायचंद (१८३१–१९०६) हे सुरतेचे जैन गृहस्थ दलाल म्हणून कापूस व रोख्यांच्या बाजारात अग्रगण्य झाले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. बॅकबेची खाडी भरून जमीन काढणाऱ्या कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांच्या आसपास जाऊन पोहोचला. १८६३ साली बँक ऑफ बॉम्बेचे नियम सैल झाले. बँकेच्या कारभारात प्रेमचंदांचा शब्द चाले आणि पुरेसे तारण न घेता कर्जे दिली गेली. १८६५ मध्ये युद्ध संपले. १ जुलै १८६५ ही वायद्याचे सौदे चुकते करण्याची तारीख होती, आणि त्या दिवशी शहरातील असंख्य पेढ्या बसल्या. १८६८ साली ती बँकही बुडाली.

प्रेमचंद यांचे औदार्य वादातीत आहे. मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आणि आईच्या नावाने उभा राहिलेला राजाबाई टॉवर आजही त्याची साक्ष देतात. सूर्यास्तापूर्वी भोजन घेणाऱ्या दृष्टिहीन मातोश्रींना वेळ कळावी म्हणून तो बांधला, अशी आख्यायिका समाजात सांगितली जाते. पण ज्यांच्या शब्दावर बँक कर्ज देई त्यांचा शब्द तपासणारे कोणी नव्हते, ही त्या व्यवस्थेची उणीव होती. दाता म्हणून मिळालेली प्रतिष्ठा आणि कर्ज मागताना द्यावयाचे तारण यांची सरमिसळ झाली, की मोठी बँकही तरत नाही. पतसंस्था चालविणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. पुढे ९ जुलै १८७५ रोजी मुंबईतील देशी दलालांनी आपली संघटना स्थापन केली. तिच्या संस्थापकांत प्रेमचंद होते. दख्खनमध्ये वह्यांच्या होळ्या पेटल्या, त्यानंतर दोनच महिन्यांनी.

भागीदारी आणि घर

मुंबईच्या त्या आपत्तीत अनेक घरे उद्ध्वस्त झाली याचे एक कारण भागीदारीच्या स्वरूपात आहे. मर्यादित जबाबदारीच्या कंपन्या आपल्याकडे १८५७ च्या कायद्याने शक्य झाल्या, पण सामान्य व्यापारी एकट्याने किंवा भागीदारीतच व्यवसाय करीत राहिला आणि आजही करतो. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार पेढीच्या देण्याला प्रत्येक भागीदार व्यक्तिशः आणि संपूर्णपणे जबाबदार असतो. एकाने केलेल्या सौद्यापायी दुसऱ्याचे राहते घर जाऊ शकते. नोंदणी न केलेल्या पेढीला आपल्या येण्यासाठी न्यायालयात दावा लावता येत नाही. तिच्यावर दावा मात्र कोणीही लावू शकतो. पेढीतून बाहेर पडलेला भागीदार जाहीर सूचना देत नाही तोवर पुढील व्यवहारांचे ओझेही त्याच्या माथी येऊ शकते. आपल्या समाजात दोन भाऊ वेगळे होतात ते घरच्या वडीलधाऱ्यांसमोर, तोंडी आणि सौजन्याने. हे सौजन्य स्तुत्य होय. परंतु निबंधकाच्या दफ्तरी दोघांची नावे तशीच राहतात, बँकेतील जामीनही तसाच राहतो, आणि दहा वर्षांनी पुतण्याच्या कर्जाची नोटीस काकांच्या दारी येते.

२००८ च्या कायद्याने मर्यादित दायित्वाची भागीदारी आली आणि २०१३ च्या कंपनी कायद्याने एका व्यक्तीची कंपनीही शक्य झाली. व्यवसायाचे नुकसान घरापर्यंत येऊ नये यासाठी हे मार्ग उपयुक्त आहेत. मात्र बँकेने मालकाची वैयक्तिक हमी लिहून घेतली असेल, तर त्या कर्जापुरती ही भिंत उरत नाही. घरखर्च आणि दुकानाचा पैसा एकाच खात्यातून चालला तर हिशोबालाही भिंत उरत नाही. कीर्दीत ‘घरखर्च नावे’ लिहिण्याची जुन्या मुनिमांची सवय या दृष्टीने फार मोलाची होती.

न्यायालयात वही

१८७२ च्या पुरावा कायद्यातील चौतिसाव्या कलमाने व्यापाऱ्याच्या वहीला मान दिला आणि तिची सीमाही आखून दिली. धंद्याच्या नित्यक्रमात नियमितपणे लिहिलेल्या वहीतील नोंद पुराव्यात येते, परंतु केवळ त्या नोंदीवर दुसऱ्याला देणेकरी ठरविता येत नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या अठ्ठाविसाव्या कलमातही हेच तत्त्व कायम आहे. याचा अर्थ असा, की खतावणीत ‘अमुक नावे पन्नास हजार’ असे लिहिले एवढ्याने भागत नाही. माल पोहोचल्याची सही, वाहतुकीची पावती, बिल, बँकेतील नोंद असे काहीतरी तिच्या पाठीशी लागते. सुप्याच्या होळीनंतर जो धडा सरकारने सावकाराला दिला, तोच येथे पुराव्याच्या भाषेत पुन्हा दिसतो.

मुदतीचेही तसेच. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार विकलेल्या मालाच्या किमतीसाठी तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर तेथून नवी तीन वर्षे मिळतात. जुने व्यापारी वर्षअखेर बाकी रुजू करून घेत, ती प्रथा किती दूरदर्शी होती हे यावरून कळते. दरवर्षी ३१ मार्चला प्रत्येक खातेदाराकडून बाकीच्या रकमेवर सही घेण्यास एक कागद पुरतो. भिडेपोटी तो घेतला जात नाही आणि चौथ्या वर्षी येणे कायद्याच्या दृष्टीने निष्प्राण होते.

न वटलेल्या धनादेशाबद्दल शिक्षेची तरतूद १ एप्रिल १९८९ पासून लागू झाली. तिच्यातील तारखा मुखोद्गत असाव्यात : धनादेश परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस, नोटीस पोहोचल्यावर समोरच्याला पंधरा दिवस, आणि त्यानंतर एक महिन्याच्या आत फिर्याद. २०१२ पासून धनादेश तीनच महिने चालतो. ‘थोडे थांबा, पुढच्या महिन्यात भरा’ या गोड शब्दांवर विसंबून किती धनादेश तिजोरीत शिळे झाले असतील, याची गणती नाही. उलट बाजूने, कोरे सही केलेले धनादेश विश्वासाने देऊन ठेवणाऱ्यांची संख्याही कमी नाही. नांगराची निशाणी करणाऱ्या त्या कुणब्यात आणि यांच्यात फरक एवढाच, की यांना वाचता येते.

बड्या आसामीच्या दारी खेपा घालणाऱ्या बनारसीदासांना जो उपाय नव्हता, तो २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने दिला. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघुउद्योगाचे पैसे करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. २०२३ च्या वित्त कायद्याने अशा थकलेल्या रकमेची त्या वर्षी प्राप्तिकरात वजावट मिळणेही बंद केले. मात्र २०२१ साली घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली ती बँककर्जातील प्राधान्यापुरती; विलंबित देयकांचे हे संरक्षण उत्पादन करणाऱ्यांसाठी व सेवा देणाऱ्यांसाठी आहे. हा भेद न जाणता अनेक व्यापारी निर्धास्त राहतात.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि एका व्यापाऱ्याचा हिशोब दुसऱ्याच्या हिशोबाशी कायमचा बांधला गेला. माल देणाऱ्याने आपले विवरण भरले नाही, तर घेणाऱ्याची जमा अडते. माल देणाऱ्याला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तरीही ती परत करावी लागते. सचोटी हा आजवर व्यक्तीचा गुण होता. आता ती साखळीची गरज झाली आहे. ज्याच्याकडून माल घ्यावयाचा त्याचा नोंदणी क्रमांक चालू आहे की नाही, हे पाहून मगच सौदा करणे हा संशयखोरपणा नव्हे. वह्या व कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात.

पाणी, आग आणि विमा

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा व पंचगंगा यांच्या महापुराने सांगली व कोल्हापूरच्या बाजारपेठा पाण्याखाली गेल्या. २००५ साली आलेल्या पुराची आठवण असलेल्यांनी माल त्या खुणेपर्यंत उंच ठेवला होता. पाणी त्याच्याही वर चढले. २०२१ साली पुन्हा तेच संकट आले. दुकानांसमोर उन्हात पसरलेल्या ओल्या वह्या आणि शाई पसरलेली पाने हे दृश्य ज्यांनी पाहिले त्यांना ते विसरणे शक्य नाही.

विमा असूनही काहींना अपेक्षेपेक्षा फार कमी रक्कम हाती येते, त्याचे कारण बहुधा एकच असते. दुकानात दहा लाखांचा माल आणि विमा पाच लाखांचा असेल, तर चार लाखांच्या नुकसानीवर विमा कंपनी साधारणतः दोन लाखच देते. हप्ता वाचविण्यासाठी मालाची किंमत कमी सांगणाऱ्याला वाटते की निदान पाच लाखांपर्यंतचे सर्व नुकसान भरून मिळेल. तसे होत नाही. १ एप्रिल २०२१ पासून पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ हा प्रमाणित विमा उपलब्ध झाला. त्यात आगीबरोबर पूर व वादळही समाविष्ट आहे आणि किंमत पंधरा टक्क्यांपर्यंत कमी लावली असली तर ती कपात होत नाही. त्यापलीकडे मात्र जुनाच नियम. आणि नुकसानीच्या दिवशी दुकानात किती माल होता हे सिद्ध करण्यास साठ्याची नोंदवही लागते. ज्याने करासाठी साठा कमी दाखविला आहे, त्याला विम्यासाठी तो जास्त दाखविता येत नाही. विरुद्धराज्यातिक्रमाचा दंड अशा रीतीने अनेकदा सरकारने न देता पावसाने दिला आहे.

लाल कापडाच्या बांधणीची वही आज दिवाळीच्या पूजेपुरती राहिली आणि हिशोब संगणकात गेला. संगणकातील खतावणी न्यायालयात दाखवावयाची तर तिच्यासोबत, ती कोणत्या यंत्रातून आणि कशी निघाली याचे प्रमाणपत्र नव्या साक्ष अधिनियमाच्या त्रेसष्टाव्या कलमाप्रमाणे द्यावे लागते. हे प्रमाणपत्र कोण देणार, हिशोबाची दुसरी प्रत दुकानाबाहेर कोठे ठेवली आहे आणि संगणकाचा परवलीचा शब्द मालकाखेरीज घरातील आणखी कोणाला ठाऊक आहे, हे प्रत्येक पेढीत एकदा विचारून घ्यावयास हवे. जुन्या पेढीवर ‘पेठ’ नेमकी कोणत्या पेटीत ठेवली आहे, हे मुनिमाबरोबर घरातील एका तरी माणसाला ठाऊक असे.